छपरावर चढण्याआधी

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर दहिवडी आहे, आणि माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर झाला तरी ते वर्ष बरे म्हणायचे. एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस दहा पटींनी उतरतो आणि त्याच्याबरोबर घरांची छपरेही बदलत जातात. जावळी-पाटणच्या डोंगरात पाणी क्षणभरही थांबू नये अशी उतरती कौलारू घरे. वाई, कराड, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात जुने दुपाखी वाडे, त्यांना खेटून स्लॅबचे घर आणि मागे पत्र्याचा गोठा. माण, आटपाडी, जतकडे गेले की जुन्या वस्तीत अजून माळवद दिसते: लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर.

या सगळ्या छपरांना एक गोष्ट सारखीच लागू आहे. ती बिघडतात वरून आणि कळते खालून. पलंगावर थेंब पडला, भिंतीला ओल आली, वाशाला बुरशी धरली की आपण मान वर करतो. तोवर पाणी कौलाखालून रीप, रिपेवरून वासा, वाशावरून भिंत असा प्रवास करून आलेले असते. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा यांत कित्येक फुटांचे अंतर असू शकते. म्हणून शाकारणी करताना जाणता माणूस खालच्या डागाच्या नेमक्या वर हात घालत नाही. तो आढ्याच्या दिशेने वर शोधत जातो.

शाकारणीसाठी दर वर्षी कुणीतरी छपरावर चढते, आणि या कामाचा धोका आपण फार गृहीत धरला आहे. कौलांवर शेवाळ वाळलेले असते, पाय पडला की ते भुगा होऊन घसरते. गंजलेला पत्रा वरून धड दिसतो आणि खिळ्याच्या ओळीत फाटतो. सगळ्यांत घातक सिमेंटचा पत्रा. त्याच्याखालच्या पाइपाच्या रेषेवर पाय पडला तर तो माणसाला पेलतो. दोन पाइपांच्या मधे पडला तर आवाजही न होता फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. भर म्हणून खांबावरून घरात आलेली विजेची वायर बहुतेक ठिकाणी छपराच्या कडेवरूनच गेलेली असते. हे काम करणारे मजूर रोजावर येतात, त्यांच्या कमरेला दोर नसतो, आणि पडले तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा हे ठरलेले नसते. ड्रोनचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. त्याने दुरुस्ती होत नाही. पण छप्पर नुसते पाहण्यासाठी जे चढणे होते, ते तो वाचवू शकतो.

ड्रोन आता आपल्या भागाला नवा नाही. लग्नाच्या वरातीवर, यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर तो फिरतो. उसावर औषध फवारणारे मोठे ड्रोनही शिवारात दिसू लागले आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ते द्यायचे ठरले. फवारणीचे यंत्र छपरासाठी कामाचे नाही. पण लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडचा लहान ड्रोन, त्याला कुठे काय बघायचे हे सांगणारा मिस्त्री शेजारी उभा असेल तर, घराच्या पाहणीला पुरेसा असतो.

इथे उंचीचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण सगळा फरक त्यात आहे. फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. १२ मेगापिक्सेलच्या साध्या लहान कॅमेऱ्याचा ड्रोन १२० मीटरवर असेल तर फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण ४ सेंटिमीटर जागेचा असतो. मंगलोरी कौल सुमारे १६ इंच लांब आणि १० इंच रुंद, म्हणजे त्या उंचीवरून ते जेमतेम दहा ठिपके लांब आणि सहा ठिपके रुंद दिसते. कौल जागेवर नसेल तर काळे भोक कळेल. तडकले असेल तर कळणार नाही. हाच ड्रोन २० मीटरवर आणला की ठिपका ७ मिलिमीटरचा होतो. आता सरकलेले कौल, निखळलेला कोना, पन्हळीत साठलेला पालापाचोळा स्पष्ट दिसतो. ५ मीटरवर तो दोन मिलिमीटरच्या आत येतो आणि पत्र्याच्या बोल्टचे वॉशर आहे की उडाले आहे, हेही ओळखता येते. स्लॅबची अर्ध्या मिलिमीटरची भेग मात्र इतक्या जवळूनही सुटू शकते. ती बहुधा दुसऱ्या खुणेने सापडते: भेगेच्या दोन्ही बाजूंना ओल धरून काळपट रेघ उमटलेली असते आणि ती रेघ भेगेपेक्षा कितीतरी रुंद असते.

पाहणीची चांगली पद्धत अशी की आधी सरळ वरून सगळे छप्पर घ्यायचे, मग घराभोवती फिरत तिरक्या नजरेने चारी बाजू घ्यायच्या आणि शेवटी संशयाच्या जागी जवळ जायचे. पहिल्या फेरीत एकामागून एक काढलेले फोटो एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढलेले असावे लागतात. दोन डोळ्यांना तीच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते म्हणून आपल्याला अंतर कळते. संगणकही तसेच करतो. एकच कौल पाच-सात फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून सापडले की ते किती उंचीवर आहे हे तो काढतो, आणि सगळे बिंदू जोडून छपराची त्रिमितीय आकृती उभी करतो. तिच्यावर मोजमाप घेता येते: पाख्याचे क्षेत्रफळ किती, उतार किती, आढे सरळ आहे की मधे बसले आहे.

या आकृतीचा खरा उपयोग मला माळवदावर दिसतो. मातीच्या धाब्याला भोक पडून पाणी येते असे नेहमीच नसते. पाऊस आणि वारा मिळून वरची माती हळूहळू एका बाजूला नेतात, मधे ताटलीएवढा खळगा पडतो, त्यात पाणी थांबते आणि मुरते. वर उभे राहून पाहिले तर सगळे सपाटच भासते. उंचीच्या आकृतीत तो दोन-तीन सेंटिमीटरचा खळगा वेगळ्या रंगात उठून दिसतो आणि पन्हळीकडे जाणारा उतार कुठे तुटला आहे तेही कळते. मग सगळ्या माळवदावर माती चढवून तुळयांवरचे ओझे वाढवण्याऐवजी तेवढीच जागा भरून चोपता येते. जुन्या माळवदांवर दर काही वर्षांनी नवा थर पडत गेला आहे. खालचे लाकूड मात्र तेच आहे. त्यामुळे कमी माती टाकणे हेच तिथे घर वाचवणे आहे.

कौलारू घरात नजर ठेवायची ती जोडांवर. दोन पाखी एकमेकांना मिळून आतल्या बाजूला खोबण तयार होते तिथे पत्र्याची पन्हळ बसवलेली असते. ती गंजली की त्या कोपऱ्यातली भिंत ओल धरते. दुसरी अशी जागा म्हणजे जुन्या कौलांना नंतर जोडलेला पत्र्याचा सोपा. वाई-मेढ्याकडच्या गावांत हे फार दिसते. मूळ घर दुपाखी, मुलगा मोठा झाला, खोली हवी झाली, म्हणून वळचणीखाली पत्रा सारून पुढे उतरता घेतला. कौलांच्या शेवटच्या ओळीचे पाणी त्या पत्र्यावर पडते, उडते आणि वाऱ्याबरोबर उलटे आत येते. खालून पाहणारा पत्र्यालाच दोष देतो आणि त्यावर डांबर फासतो. तिरक्या कोनातून काढलेल्या एका फोटोत दिसते की पत्रा कौलाखाली पुरेसा आत गेलेलाच नाही. सकाळी ऊन तिरपे असताना हे फोटो काढावेत, कारण तेव्हा उचललेल्या प्रत्येक कौलाची सावली पडते. भर दुपारी सगळी ओळ सारखीच दिसते आणि नव्या पत्र्यावर तर चकाकीशिवाय काही उमटत नाही.

स्लॅबच्या घरांना शाकारणी नसते म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. गच्चीवर चढता येते, मग ड्रोन कशाला, असे वाटेल. पण पाण्याच्या टाकीखालचा भाग, जिन्यावरची खोली, कठड्याची बाहेरची बाजू आणि बाहेरच्या भिंतीवरून उतरणारे पाइप गच्चीत उभे राहून दिसत नाहीत. कठड्याच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बीचा पिंपळ रुजलेला असतो. तो वीतभर असताना उपटला तर ठीक, नाहीतर मुळे कोब्याखाली जातात. कोबा आणि कठडा मिळतात तिथला गोल वाटा फुटलेला असेल तर गळतीचे कारण बहुधा तिथेच असते.

स्लॅबमधली ओल शोधायला तापमान टिपणारा थर्मल कॅमेराही वापरतात. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर थंड होऊ लागते. कोब्याखाली पाणी मुरलेले असेल तर ती जागा मागे राहते, कारण पाण्यात उष्णता जास्त मावते आणि ती हळू बाहेर पडते. पडद्यावर गच्चीचा तेवढा तुकडा आजूबाजूपेक्षा उबदार दिसतो. पद्धत उत्तम, पण तिला अटी आहेत. दिवसा कडक ऊन हवे, वरचा पृष्ठभाग कोरडा हवा, वारा मंद हवा. चकचकीत पत्र्यावर तर हा कॅमेरा फसवतोच. पत्रा स्वतःचे तापमान दाखवण्याऐवजी वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो. म्हणून ‘थर्मलने गळती शोधून देतो’ असे म्हणणाऱ्याला आधी छप्पर कशाचे आहे आणि तो किती वाजता येणार, हे विचारावे. थर्मलचा सोपा आणि भरवशाचा उपयोग सौर पॅनेलवर होतो. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली आणि तिथल्या घरांची छपरे वीज देऊ लागली. अशा गावात एखाद्या पॅनेलमधला बिघडलेला भाग शेजारच्यापेक्षा जास्त तापतो आणि भर उन्हात थर्मल फोटोत लख्ख दिसतो. प्रत्येक घरावर शिडी लावावी लागत नाही.

ड्रोनने आपल्या गावांची घरे सरकारी पातळीवर आधीच टिपली आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणीपुरती नोंद असायची, पण मोजलेला नकाशा आणि मालकीचा कागद नव्हता. त्यासाठी महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाबरोबर पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने मोजणीचा प्रयोग केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मोजणीआधी घरमालकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची, वरून ड्रोनने फोटो घ्यायचे, त्यावरून १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार करायचा आणि मग मिळकत पत्रिका द्यायची, असा तो क्रम.

छपराच्या दृष्टीने या मोजणीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वरून घर दिसत नाही, छप्पर दिसते. कौलारू घराचे छप्पर भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेले असते आणि शेजारच्या घराची वळचण त्याला भिडलेली असते. नकाशावर छपराची कड हीच भिंतीची कड मानली तर बोळ नाहीसे होतात आणि भांडणे उभी राहतात. म्हणूनच फोटोवरून काढलेला नकाशा गावात आणून जागेवर पडताळावा लागतो. वरून अचूक मोजलेल्या गोष्टीचा अर्थ खाली उभ्या असलेल्या माणसालाच लावावा लागतो, हे घराच्या पाहणीलाही तितकेच लागू आहे. फोटोतला काळा डाग म्हणजे भोक, ओल, शेवाळ की नुसती नारळाच्या झावळीची सावली, हे चाळीस वर्षे शाकारणी केलेला मिस्त्री एका नजरेत सांगतो. पाहणीतला मोठा वाटा त्याचा आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत.

नैसर्गिक आपत्तीनंतर हे फोटो आणखी एका कारणाने मोलाचे ठरतात. वळवाच्या वादळात पत्रे उडतात, गारपिटीने कौले फुटतात आणि मग पंचनामा होतो. आपत्ती मदतीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष पाहिले तर अंशतः पडझडीच्या मदतीसाठी घराचे किमान १५ टक्के नुकसान झालेले असावे लागते. पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले आहेत. पंधरा टक्के म्हणजे किती, हे अंगणात उभे राहून नजरेने ठरते आणि तिथेच वाद होतात. छपराचा मोजता येणारा फोटो हाताशी असेल तर किती चौरस फूट पत्रा उडाला हा अंदाजाचा प्रश्न राहत नाही. वादळाच्या आधीचा फोटोही असेल तर तलाठी आणि घरमालक दोघांचेही काम सोपे होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा मोठा पूर आला. अशा पुरातून पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंतींचे घर बाहेरून उभे दिसते, पण पायाशी भिंत भिजून मऊ झालेली असते. आत जावे की नाही हा प्रश्न त्या वेळी जिवाचा असतो. भिंत खचली की तिच्यावरचा वासा खाली येतो आणि आढ्याची सरळ रेषा मधे किंवा एका टोकाला वाकते. रस्त्यावरून हे कळत नाही. आढ्याच्या उंचीवरून, आडव्या नजरेने काढलेल्या फोटोत कळते. ओसरत्या पाण्यात कुणाला पहिल्यांदा घरात सोडायचे आणि कुणाला थांबवायचे, हे ठरवायला गल्लीतल्या सगळ्या आढ्यांची अशी एक फेरी पुरते.

नियमांचे थोडक्यात सांगायचे तर २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरेच सोपे केले आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी उडवत नसाल तर, पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे ते हवे. म्हणून पाहणीसाठी कुणाला बोलावलेत तर प्रमाणपत्र, ड्रोनची नोंदणी आणि विमा हे तीनही मागावेत. ड्रोन उडवण्यासाठीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि छपराच्या कामाला शंभर फुटांचीही गरज नसते. पण कराडला विमानतळ आहे, कोयनेसारखी धरणे आहेत. अशा ठिकाणांच्या जवळपास आधी नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन काढूच नये.

कायद्याइतकेच गावालाही विचारावे लागते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड भागातल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून केवढी घबराट झाली होती आणि लोक रात्र रात्र गस्त घालत होते. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. शिवाय आपल्याकडे घराचा मागचा भाग उघडा असतो: परसात न्हाणी, दोरीवर धुणे, कडेला चूल. शेजारच्या घरावर कॅमेरा फिरवणे हा बायाबापड्यांच्या आब्रूचा प्रश्न आहे आणि लोक तो बोलून दाखवतीलच असे नाही. आदल्या दिवशी पंचायतीत सांगणे, दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन वेळ कळवणे, पडद्यावर काय दिसते ते शेजारच्या मावशींना दाखवणे, आणि फक्त ठरलेल्या घराचे फोटो ठेवून बाकीचे तिथेच पुसणे, एवढे करणाऱ्यालाच काम द्यावे.

मला वाटते, याची सुरुवात खासगी घरांपासून करण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळा आणि अंगणवाड्यांच्या छपरांपासून व्हावी. तिथे दिवसभर मुले बसतात, दुरुस्तीचा प्रस्ताव द्यायला पुरावा लागतो आणि परवानगी देणारी यंत्रणा एकच असते. त्याच फेरीत गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरे घ्यावीत. त्यांची मुले पुण्या-मुंबईला असतात आणि ‘छप्पर बरे आहे’ यापलीकडे फोनवर त्यांना काही कळत नाही. फोटो मुलांच्या मोबाइलवर गेला तर मिस्त्रीला पैसे पाठवायला ती मे महिन्यातच तयार होतात.

वेळ एप्रिलच्या शेवटच्या ते मेच्या पहिल्या आठवड्यातली धरावी, म्हणजे जूनच्या पावसाआधी कौले, रिपा आणि मजूर मिळवायला महिना हाती राहतो. उडवायचे ते सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. दुपारनंतर वळवाचे वारे अचानक सुटते, आणि चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठाराजवळच्या गावांत, जिथे पवनचक्क्या उभ्याच वाऱ्यासाठी आहेत, तिथे लहान ड्रोन सकाळीही जपून काढावा लागतो. घारींचे घरटे जवळ असेल तर ते झाड टाळावे. पडद्यासमोर मिस्त्री बसलेला असावा आणि प्रत्येक फोटोवर घराचा नंबर, पाख्याची दिशा व तारीख लिहिलेली असावी. मग शिडी लावायची ती नेमक्या त्याच कौलापाशी, आणि चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून.